बादलीभर पाण्याआधी

घर हरवलेली एक लहान मुलगी मदतीसाठी एका बड्या माणसाच्या दारात उभी राहते. तो म्हणतो, आधी एका बाईला मारून ये, मग तुला घरी पोचवतो. मुलगी रडू लागते. आपण जाणूनबुजून कधी कुणाचा जीव घेतलेला नाही, असं सांगून पाहते. बडा माणूस बधत नाही. दुसरा रस्ता दिसत नाही, म्हणून शेवटी ती निघते.

हा प्रसंग अमेरिकेतल्या अतिशय लाडक्या बालपुस्तकातला आहे. लायमन फ्रँक बाउम यांचं 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' १९०० साली शिकागोतून प्रसिद्ध झालं. डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यांच्या रंगीत चित्रांसह निघालेल्या या पुस्तकानं अमेरिकेला तिची स्वतःची परीकथा दिली, असं मानलं जातं. वादळात घरासकट उडून आलेली कॅन्ससची डोरोथी, तिचा कुत्रा टोटो, मेंदू हवा असलेलं बुजगावणं, काळीज हवं असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि धैर्य शोधणारा भित्रा सिंह, हे सगळे पाचूनगरीच्या जादूगाराकडे जातात. तो चौघांनाही एकच अट घालतो : पश्चिमेकडच्या दुष्ट चेटकिणीला मारा. सव्वाशे वर्षं मुलं हा मजकूर वाचत आली, आईबाप वाचून दाखवत आले. फारसं कुणी तिथं थबकलं नाही, कारण जिला मारायचं तिला पुस्तकात नावच नाही. 'दुष्ट चेटकीण' एवढीच तिची ओळख, आणि त्या ओळखीतच तिचा निकाल लागलेला आहे.

ग्रेगरी मॅग्वायर यांची 'विकेड' ही कादंबरी १९९५ साली आली. तिनं या बाईला नाव दिलं, आई दिली, बहीण दिली, कॉलेजातली मैत्रीण दिली, राजकारण दिलं. ही कादंबरी हातात घेणाऱ्या मराठी वाचकाला ऑझची मूळ गोष्ट ठाऊक असेलच असं नाही. म्हणून प्रस्तावना थोडी लांबली आहे.

बाउम यांचं पुस्तक मी मोठेपणी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा 'विकेड' संपवल्यावर. दुसऱ्या वाचनात बाराव्या प्रकरणापाशी मी बराच वेळ अडून राहिले. चेटकिणीला एकच डोळा आहे, पण तो दुर्बिणीसारखा लांबचं पाहतो. आपल्या वाड्याच्या दारात बसून ती पाहते, तर आपल्या मुलखात अनोळखी लोक शिरलेले. ती चाळीस लांडगे पाठवते. लाकूडतोड्या कुऱ्हाडीनं चाळीसही मुंडकी उडवतो. ती चाळीस कावळे पाठवते. बुजगावणं एकेकाची मान मुरगळतं. मधमाश्या पाठवते, त्यांच्या नांग्या पत्र्यावर मोडतात आणि त्या मरून पडतात. सकाळी उठून डोरोथी मेलेल्या लांडग्यांचा ढीग पाहते आणि मग शांतपणे न्याहारी होते. चेटकीण चांगली आहे असं मला म्हणायचं नाही. तिनं त्या मुलखातल्या विंकी लोकांना गुलाम केलेलं आहे, डोरोथीला ती स्वयंपाकघरात राबवते, तिचे चांदीचे बूट लुबाडायला बघते. पण तिच्या ओसरीवर बसून पाहिलं, तर हे चौघे तिचा जीव घेण्याची सुपारी घेऊन आलेले लोक आहेत, आणि तो त्यांचा हेतू खराच आहे.

मग मरण. चेटकीण एक बूट हिसकावते, डोरोथी चिडून जवळची बादली तिच्यावर उपडी करते आणि चेटकीण विरघळून जाते. पुढचं वाक्य विसरता येत नाही. डोरोथी आणखी एक बादली पाणी ओतते आणि तो सगळा राडा झाडून दाराबाहेर काढते. मग बूट धुऊन, पुसून पायात घालते. बाउम यांनी आपल्या प्रस्तावनेत सांगितलं होतं की जुन्या परीकथांमधली भीती आणि क्रौर्य त्यांना नव्या मुलांच्या गोष्टीत नको आहे. त्यांचा हेतू प्रामाणिक होता. तरीही एक बाई झाडूनं दाराबाहेर गेली, आणि ते क्रौर्य म्हणून कुणाला जाणवलं नाही, लेखकालाही नाही. मॅग्वायर यांची कादंबरी या झाडूपाशी सुरू होते असं मला वाटतं.

चेटकिणीचा हिरवा रंग मात्र बाउम यांचा नाही. तो १९३९च्या चित्रपटातून आला. टेक्निकलरच्या नव्या तंत्रात रंग उठून दिसावेत म्हणून चांदीचे बूट लाल माणकांचे झाले आणि मार्गारेट हॅमिल्टन यांच्या चेहऱ्याला हिरवा रंग लागला. हॅमिल्टन मुळात बालवाडीच्या शिक्षिका होत्या. त्या रंगात तांबं होतं. २३ डिसेंबर १९३८ रोजी, धुराच्या लोटात चेटकीण अदृश्य होते त्या दृश्याच्या चित्रीकरणात, ज्वाळा वेळेआधी उठल्या आणि त्यांचा चेहरा आणि हात भाजले. भाजलेल्या कातडीवरचा विषारी रंग लगोलग पुसून काढणं भाग होतं. त्या वेदना कशा असतील याची कल्पना करावी. सहा आठवड्यांनी त्या परत आल्या आणि आगीसोबत पुन्हा काम करणार नाही असं त्यांनी सांगितलं. पडद्यावर त्या जेमतेम बारा मिनिटं दिसतात, पण कित्येक पिढ्यांच्या मुलांना रात्री त्यांचं हसू आठवत राहिलं. १९७५ साली एका मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्या साध्या वेषात आल्या आणि मुलांच्या डोळ्यांदेखत चेटकिणीचे कपडे चढवून दाखवले, या कपड्यांच्या आत एक साधी बाई आहे हे कळावं म्हणून. आपल्याकडे रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण ज्यांनी लहानपणी पाहिली आहे, त्यांना हे चटकन उमगेल. अलबत्याचं पुढं काय झालं हे कदाचित आठवणार नाही, पण चिंची आठवतेच. मुलांचं सगळं लक्ष वाईटाकडे असतं. मोठ्यांनी या लक्षाचा अर्थ कधी नीट विचारला नाही.

मॅग्वायर यांनी तो विचारला. त्यांचा जन्म १९५४चा, न्यू यॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचा. त्यांच्या जन्माच्या वेळच्या गुंतागुंतीतून आई दगावली आणि आयुष्याचा पहिला काही काळ त्यांनी अनाथालयात काढला. पुढे ते बालसाहित्याचे अभ्यासक झाले, त्याच विषयाच्या आसपास डॉक्टरेट केली, मुलांसाठी लिहू लागले. 'विकेड' ही त्यांची प्रौढांसाठीची पहिली कादंबरी. ती सुचली तेव्हा ते लंडनला राहत होते. आखाती युद्धाचे दिवस होते. एका ब्रिटिश वर्तमानपत्रात सद्दाम हुसेनची तुलना हिटलरशी करणारा मथळा त्यांनी पाहिला, आणि तो एक शब्द वाचताच युद्धाबद्दलचं आपलं मत सरकलं, हे त्यांच्या लक्षात आलं. नवी माहिती काहीच मिळाली नव्हती, फक्त एक नाव मिळालं होतं. त्यानंतर फेब्रुवारी १९९३मध्ये लिव्हरपूलजवळ दोन दहा वर्षांच्या मुलांनी एका दोन वर्षांच्या मुलाला पळवून ठार केलं. अख्खं इंग्लंड हादरलं. माणूस वाईट जन्मतो की वाईट होतो, हा प्रश्न घराघरांत बोलला जाऊ लागला. मॅग्वायर यांना या प्रश्नावर लिहायचं होतं आणि त्यासाठी असं पात्र हवं होतं, जिच्या वाईटपणाबद्दल जगात कुणालाच शंका नाही. ते ऑझमध्ये आयतं सापडलं. लायमन फ्रँक बाउम, एल. एफ. बी. या आद्याक्षरांवरून त्यांनी तिचं नाव ठेवलं एल्फबा.

बाउम यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ती कादंबरीत कुठेच येत नाही, पण हा विषय तिच्याशिवाय मला पुरा वाटत नाही. ऑझ लिहिण्याच्या दहा वर्षं आधी बाउम साउथ डकोटातल्या अॅबर्डीन या गावी एक साप्ताहिक चालवत होते. १५ डिसेंबर १८९० रोजी लाकोटा लोकांचा नेता सिटिंग बुल मारला गेला. २९ डिसेंबरला वुन्डेड नी इथं अमेरिकी सैन्यानं लाकोटांची कत्तल केली, त्यात बायका-मुलं होती. या दोन घटनांनंतर बाउम यांनी दोन संपादकीयं लिहिली. दोन्हींत त्यांनी उरलेल्या आदिवासींना समूळ संपवावं अशी मागणी केली. ज्या हातानं डोरोथी लिहिली, त्याच हातानं हे लिहिलं. २००६ साली बाउम यांच्या वंशजांनी लाकोटा लोकांची जाहीर माफी मागितली.

आणि याच माणसाच्या सासूबाई होत्या मटिल्डा जॉस्लिन गेज. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या पहिल्या फळीतल्या. १८९३ साली त्यांचं 'वुमन, चर्च अँड स्टेट' हे पुस्तक निघालं. युरोपात चेटकीण ठरवून मारल्या गेलेल्या बायकांवर त्यांनी त्यात सविस्तर लिहिलं. त्याच वर्षी मोहॉक लोकांनी त्यांना आपल्या एका कुळात सामील करून घेतलं. गेज लेकीजावयाकडे येऊन राहत असत, आणि १८९८ साली शिकागोत बाउम यांच्या घरीच त्यांचं निधन झालं. बाउम यांच्या ऑझमध्ये दुष्ट चेटकिणींसोबत चांगल्या चेटकिणीही आहेत. 'चांगली चेटकीण' ही त्या काळातल्या मुलांच्या पुस्तकात नवलाची गोष्ट होती, आणि तिच्यामागे सासूबाई असाव्यात असं अनेक अभ्यासकांना वाटतं. मलाही वाटतं. एकाच जेवणाच्या टेबलावर एक माणूस अख्ख्या जमातीला संपवण्याची भाषा लिहून गेलेला, आणि दुसरी बाई 'चेटकीण' या शब्दाचा हिशेब मागत बसलेली. ऑझची गोष्ट या घरात जन्मली. तिच्यात भेगा असणारच होत्या, आणि मॅग्वायर यांनी त्या भेगांमध्येच आपली कादंबरी रुजवली.

'विकेड'चे पाच भाग आहेत. पहिल्यात एल्फबाचा जन्म : हिरवी कातडी, जन्मतःच धारदार दात, पाण्याचा तिटकारा. बाप फ्रेक्स धर्मोपदेशक, लोकांना मोहातून सोडवायला निघालेला आणि घरात परका. आई मेलेना उच्चकुळातली, एकटी, कंटाळलेली. दुसऱ्या भागात शिझ विद्यापीठ. तिथं एल्फबाची खोली वाटून घेते गलिंडा, सुंदर, वरच्या घरातली, सुरुवातीला तुसडी. हीच पुढे ग्लिंडा, बाउम यांची चांगली चेटकीण. या दोघींची मैत्री कशी होते हे मी सांगणार नाही. ती पानं वाचकानं स्वतः अनुभवावीत. तिसरा भाग पाचूनगरीत, भूमिगत बंडखोरांचा. चौथा विंकस या डोंगराळ, दुर्गम मुलखात. पाचवा सगळ्यांना ठाऊक असलेल्या शेवटाचा. महाभारत वाचताना आपण दुर्योधन कसा मरतो हे जाणून घ्यायला वाचत नाही, तसंच इथं आहे. पाणी पडणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं.

या कादंबरीतलं सर्वांत दुखरं आणि माझ्या मते सर्वांत थोर असं काही असेल, तर ते प्राण्यांचं प्रकरण. मॅग्वायर यांच्या ऑझमध्ये दोन प्रकारचे प्राणी आहेत. एक साधे, मुके. दुसरे बोलणारे, विचार करणारे, कपडे घालणारे, नोकऱ्या करणारे. शिझ विद्यापीठातले डॉक्टर डिलमंड हे प्राध्यापक जातीनं बोकड आहेत. इंग्रजीत लेखकानं हा भेद एका अक्षरावर तोलला आहे : मुक्या प्राण्याचं नाव लहान अक्षरानं सुरू होतं, बोलत्या प्राण्याचं मोठ्या अक्षरानं. ऑझचा जादूगार सत्तेवर आल्यावर बोलत्या प्राण्यांवर बंदीहुकूम येतात. त्यांनी प्रवास करायचा नाही, मग त्यांनी अमुक व्यवसाय करायचा नाही, मग त्यांना पुन्हा गोठ्यात, शेतात ढकललं जातं. हळूहळू ते मोठं अक्षर गळून पडतं. डॉक्टर डिलमंड प्रयोगशाळेत सिद्ध करू पाहतात की माणूस, बोलता प्राणी आणि मुका प्राणी यांच्या शरीरात मुळात अंतर नाही. त्यांना कुणीतरी ठार करतं आणि तो अपघात ठरतो.

देवनागरीत अक्षरं लहान-मोठी नसतात. इंग्रजी वाचताना डोळ्याला आपोआप टोचणारी गोष्ट मराठीत कशी टोचवायची? यावर मी खूप विचार केला, आणि मला वाटतं मराठीकडे त्याहून धारदार हत्यार आहे. आपण 'सर आले' म्हणतो, 'सर बसले' म्हणतो. आणि 'बोकड आला', 'बोकड बसला'. आपल्या भाषेत माणसाचा मान क्रियापदाच्या शेवटच्या स्वरात राहतो. डॉक्टर डिलमंड वर्गात 'आले' हे वाक्य वाचा, आणि मग बंदीहुकूमानंतर तोच प्राणी कुठल्याशा अंगणात 'आला' असं वाचा. मधे एक कायदा होऊन गेलेला असतो. ज्यांच्या आजोबांना गावात 'आले' कुणी म्हटलं नाही, त्या वाचकाला यासाठी वेगळी टीप लागणार नाही.

भाषेचीच आणखी एक गोष्ट. इंग्रजीत 'विझर्ड' आणि 'विच'. आपल्याकडे मांत्रिक, जादूगार, देवऋषी. आणि बाई असेल तर चेटकीण, डाकीण. विद्या तीच, पण पुरुषाच्या नावात 'देव' आणि 'ऋषी' दोन्ही येऊन बसले. सातपुड्यात आजही एखाद्या विधवेला, एखाद्या एकट्या म्हातारीला डाकीण ठरवतात, मारतात, गावाबाहेर काढतात. बहुतेकदा मागे जमिनीचा वाद असतो, किंवा आजारी पडलेलं एखादं मूल. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. अमुक व्यक्ती करणी करते असा आळ घेऊन तिचं जगणं मुश्किल करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणून 'चेटकीण' हा शब्द मराठीत फक्त परीकथेचा नाही. एल्फबाची हिरवी कातडी पाहून सुइणी ज्या नजरेनं एकमेकींकडे बघतात, ती नजर आपल्या ओळखीची आहे.

आता कादंबरीच्या गाभ्याबद्दल. खलनायकाच्या बाजूनं लिहिलेली पुस्तकं पुष्कळ झाली. जीन ऱ्हीस यांनी १९६६ साली 'वाइड सारगॅसो सी'मध्ये 'जेन एअर'मधल्या माळ्यावर कोंडलेल्या वेड्या बायकोला आवाज दिला. जॉन गार्डनर यांनी १९७१ साली 'ग्रेंडेल'मध्ये जुन्या इंग्रजी महाकाव्यातल्या राक्षसाला बोलतं केलं. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांनी तर १८६१ सालीच मेघनादाचं महाकाव्य लिहून ठेवलं होतं. अशा पुस्तकांना एक मोह असतो : बाजू उलटवण्याचा. काळा होता तो पांढरा, पांढरा होता तो काळा. वाचकाला क्षणभर फार बरं वाटतं, आपण फसलो होतो आणि आता शहाणे झालो असं वाटतं. असली उलटवाउलटव मला स्वस्त वाटते, कारण तिच्यात कुणीतरी पुन्हा निव्वळ वाईट लागतंच.

'विकेड' या मोहात पडत नाही, आणि म्हणूनच मी तिच्याबद्दल इतकं लिहिते आहे. एल्फबा शूर आहे, तिची बुद्धी तल्लख आहे, अन्याय तिला बघवत नाही. पण प्रेम करायला ती कचरते, माणसांना दूर लोटते, आणि तिच्या हातून भयंकर गोष्टी होतात किंवा होता होता राहतात. फियेरो नावाच्या एका विवाहित माणसावर ती प्रेम करते, आणि तिच्या बंडखोरीची किंमत म्हणून त्याचा जीव जातो. विंकसमधल्या किल्ल्यात एका द्वाड मुलाकडे ती संतापानं बघते, छताच्या कडेवरून बर्फाचा सुळका त्याच्यावर कोसळतो. तो तिनं पाडला का? कादंबरी उत्तर देत नाही, आणि एल्फबालाही ते मिळत नाही. विद्यापीठाच्या जुन्या मुख्य बाई, मादाम मॉरिबल, यांचा खून करायला ती जाते तेव्हा त्या काही क्षणांपूर्वीच मेलेल्या असतात. ती मृतदेहावर घाव घालते आणि मग गावभर सांगत सुटते की खून मीच केला. दुष्ट हे नाव जगानं तिला दिलं होतं. आता ती ते स्वतःहून मागून घेते. वडलांची फाबाला, ग्लिंडाची एल्फी, फियेरोची फे. शेवटच्या भागात निवेदकसुद्धा तिला नावानं हाक मारायचं सोडतो आणि नुसतं 'चेटकीण' म्हणतो. मला ती पानं वाचताना दर वेळी कुणीतरी माणूस समोरून नाहीसा होत असल्यासारखं वाटतं.

तिला एकच गोष्ट हवी असते : माफी. फियेरोच्या मरणानंतर कित्येक वर्षांनी ती त्याच्या घरी, किआमो को नावाच्या किल्ल्यात जाते, त्याची बायको सरीमा हिच्यापुढे सगळं कबूल करायला. सरीमा आदरानं तिचं स्वागत करते, राहायला जागा देते, जेवू घालते, पण तो विषय काढूच देत नाही. एल्फबा महिनोन् महिने त्या घरात राहते, तोंडात कबुली घेऊन. मग एके दिवशी जादूगाराचे सैनिक येतात आणि सरीमा आणि तिचं कुटुंब धरून नेतात. ज्या माणसाकडून माफी मिळू शकली असती, तो माणूसच उरत नाही.

आणि मग डोरोथी येते. मॅग्वायर यांच्या डोरोथीला जादूगारानं मारायला पाठवलं आहे, पण ती मनानं वेगळ्याच कामासाठी आली आहे. तिचं घर एल्फबाच्या बहिणीवर, नेसारोजवर पडलं होतं. त्यात डोरोथीचा दोष नव्हता, तरी तिला माफी मागायची आहे. जी गोष्ट एल्फबाला आयुष्यभर मिळाली नाही, तीच आता एक परकी पोर तिच्याकडे मागते आहे, निरागस डोळ्यांनी. एल्फबाला ते सहन होत नाही. ती आरडाओरडा करते, जळता झाडू फिरवते, ठिणग्या तिच्याच झग्यावर पडतात. डोरोथी पाण्याची बादली उचलते ती तिला वाचवायला. इतक्या वर्षांच्या सगळ्या सूडाचा आणि राजकारणाचा शेवट एका दयेच्या कृतीत होतो, आणि ती दयाच जीव घेते. बाउम यांची बादली मॅग्वायर यांनी बदललेली नाही. ती उचलणाऱ्या हाताचं कारण तेवढं बदललं.

ज्यांनी 'विकेड'चं संगीतनाटक किंवा चित्रपट पाहिले आहेत, त्यांना इथं थोडं सावध करते. स्टीफन श्वार्ट्झ यांचं संगीत आणि विनी होल्झमन यांची संहिता असलेलं नाटक ३० ऑक्टोबर २००३ रोजी ब्रॉडवेवर आलं आणि आजवर चालू आहे. त्यावरचा चित्रपट २०२४ आणि २०२५मध्ये दोन भागांत आला. नाटक दोन मैत्रिणींचं आहे, त्याचा शेवट दिलासा देणारा आहे, आणि ते त्याच्या जागी सुंदर आहे. कादंबरी वेगळी आहे. ती प्रौढांची आहे. तिच्यात शरीरसंबंध आहेत, हिंसा आहे, धर्मावरच्या लांब चर्चा आहेत, आणि मधले काही भाग खरोखर जड जातात. तिसऱ्या भागानंतर वाचक दमला तर त्यानं थांबावं, पण सोडू नये. विंकसमधला थंड, कोंदट किल्ला हीच या पुस्तकाची खरी जागा आहे.

मराठी माणसाला पराभूताची आठवण ठेवण्याची सवय जुनी आहे. बलिप्रतिपदेला ओवाळताना आपल्या आज्या म्हणत आल्या, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. पुराणानं ज्याला पाताळात घातलं, त्याचं राज्य मागणारं हे तोंड शेतकरी बायकांचं आहे. १८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त वामनाची गोष्ट बळीच्या बाजूनं सांगितली आणि दशावतारांतले अनेक अवतार उलटे वाचून दाखवले. पण आपण बळीला आठवतो तो चांगला राजा म्हणून. मॅग्वायर आपल्याकडून त्याहून अवघड काहीतरी मागतात : जी चांगलीही राहिली नाही, तिचीही बाजू शेवटपर्यंत ऐका.

कादंबरीच्या सुरुवातीलाच एक झाड आहे. वादळ येऊ घातलं आहे. खाली पिवळ्या विटांच्या रस्त्यालगत डोरोथी आणि तिचे सोबती आडोशाला बसले आहेत, आणि वेळ घालवायला त्या चेटकिणीबद्दल बोलताहेत, जिला त्यांच्यापैकी कुणीच नीट ओळखत नाही. ती जन्माला कशी आली, तिचं शरीर कसं आहे, तिचं कुणाशी काय होतं, प्रत्येकाकडे एकेक ऐकीव गोष्ट आहे. मुलीच्या पायात चेटकिणीच्या मेलेल्या बहिणीचे बूट आहेत. आणि वर, फांद्यांच्या आत, श्वास रोखून, चेटकीण स्वतः बसून ऐकते आहे.